दाढ बायकोची, दवाखान्यात मी

दाढ माझ्या बायकोची दुखत होती आणि सायकलरिक्षात घालून बाळंतिणींच्या दवाखान्यात नेलं मला.

आमची बेबी तेव्हा अंगावर पिणारी. मी गिरणीत रात्रपाळीला. सुशीलाची दाढ ठणकायला लागली, तसं मी तिला महाल भागातल्या एका दाताच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने गोळ्या दिल्या. ती बाळाला पाजते का, हे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. (सुशीला सांगणार कशी? तिचा जबडा त्याच्या हातात होता.)

घरी येताच आईने पुडी काढून घेतली. औषध दुधात उतरतं, असं तिचं म्हणणं. शेजारच्या गंगाकाकूंनी कामठीच्या भाचीचा दाखला दिला. तिने कसलीशी गोळी घेतली आणि पोर दिवसभर डोळा उघडेना. कसली गोळी, ते काकूंना ठाऊक नव्हतं. मग कोणी लवंग आणली, कोणी हिंग आणला आणि सुशीलाचा गाल फुगतच गेला. ती बिचारी एकच सांगत होती, "अहो, आपलं बाळंतपण केलं त्या डॉक्टरीणबाईले विचारून या ना."

आता पुरुषाने एकट्याने त्या दवाखान्यात जायचं, बायकांच्या बाकावर बसायचं आणि दूध पाजण्याबद्दल विचारायचं! माझी छाती होईना. म्हणून मी मधला मार्ग काढला.

"पहिले मीच एक गोळी खाऊन पाहतो," मी म्हणालो. "मले काही झालं नाही, तर तिले द्या."

आईला हे पटलं, यातच सगळं आलं.

गोळी घेऊन मी आडवा झालो. रात्रभर यंत्रापुढे उभा राहिलेला माणूस, झोपणारच. पण हे कोणाच्या ध्यानात येईना. आईने तोंडावर पाणी मारलं, तर मी कूस बदलली म्हणे.

"एवढा मोठा गडी असा पडून राहिला," काकू म्हणाल्या, "लेकराचं काय झालं असतं वं?"

आई रडायलाच लागली. रिक्षा आली. कुठे न्यायचं यावर गोंधळ चालला असताना सुशीलाने संधी साधली आणि रिक्षावाल्याला डॉक्टरीणबाईंचा पत्ता सांगितला.

मला जाग आली तेव्हा चारी बाजूंनी गरोदर बायका माझ्याकडे बघत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी सगळी हकीकत शांतपणे ऐकली. मग मला विचारलं, "तुम्ही दिवसातून किती वेळा पाजता?"

सुशीलाने पुडी पुढे केली. त्यांनी गोळी पाहिली, सुशीलाकडे बेबीची चौकशी केली आणि ही गोळी सुशीलाला चालते, असं सांगून टाकलं. बाप झोपला की जागा राहिला, यावरून बाळाचं काहीच कळत नाही. प्रत्येक औषधाचं वेगळं असतं, आधी विचारत जा, असंही म्हणाल्या. सुशीलाने तिथेच गोळी घेतली. परत येताना ठणका कमी झाला.

गल्लीत मात्र डॉक्टरीणबाईंचं बोलणं कोणी ऐकलं नव्हतं. माझा प्रयोग सगळ्यांनी पाहिला होता. पुढच्याच आठवड्यात गंगाकाकूंची पोटुशी सून खोकल्याची बाटली आणि चमचा घेऊन दारात उभी.

"सासूबाईनं पाठवलं," ती म्हणाली. "भाऊजी, हे जरा घेऊन पाहता का?"