दुसऱ्याच पतंगाचा वास

कामगंध सापळ्यांचा माल पुरवणाऱ्याने मला फसवलं, आणि माझ्या तोंडून माझ्या बहिणीला.

पांढरकवड्याला माझं कृषी केंद्र आहे. सायकलला बियाण्याच्या पिशव्या बांधून गावोगाव फिरलो, त्यातून ते उभं राहिलं. घासाघीस केल्याशिवाय मी काही घेत नाही, आणि आवाज चढायला मला वेळ लागत नाही. आई गेल्यावर मोठ्या बहिणीने मला वाढवलं. तिच्या कपाशीतले सापळे मी स्वतः लावले.

सापळ्यात मादीच्या वासाची गोळी असते. त्या वासावर नर येतो आणि अडकतो. नर वाढले की फवारणी करायची. पाकिटावर गुलाबी बोंडअळी छापलेली होती, पण अडकत होते जाडे, पिवळसर पतंग. एक तळहातावर घेऊन मी बहिणीला दाखवला.

"हे अमेरिकन बोंडअळीचे. बीटी कपाशीत तिचं काही चालत नाही. गुलाबीचा एकबी नाही. फवारा कायले मारतं, बाई?"

"तू म्हणतं तर नाही मारत, बाबू."

बोंडं वरून हिरवीगार होती. फोडली तर आत गुलाबी अळ्या, सरकी पोखरलेली, रुई डागाळलेली. बांधावर बसून ती एकेक बोंड फोडत राहिली. मी "पुरे" म्हणालो, तरी थांबली नाही.

तिची मुलगी कॉलेजात कीटकशास्त्र शिकते. सापळा उघडून ती म्हणाली, "मामा, गोळीच अमेरिकनची आहे. म्हणून तेच आले."

मग तिने समजावलं. मादीच्या पोटाच्या टोकाला ग्रंथी असते. तिथे वास कोणता बनवायचा, त्यात काय किती मिसळायचं, हे तिच्या जनुकांत ठरलेलं असतं. आईकडून, आजीकडून आलेलं. जनुक जरासं बदललं तरी वास बदलतो, आणि नर ओळख देत नाही. प्रत्येक जातीचा नर फक्त आपल्याच मादीच्या हाकेला येतो.

"गुलाबीचे नर इथंच होते," ती म्हणाली. "त्यांना कोणी बोलावलंच नाही."

मी पुरवठादाराला फोन लावला.

"पाकिटावर छापलं तेच आत. पतंग आले नाही तर पतंगांना विचारा ना, शेठ."

मी शिव्या घातल्या. त्याने फोन ठेवला.

भाऊबीजेला गेलो. बहिणीने दारातूनच आत सांगितलं, "दुकानदार आले, चहा ठेव." ओवाळलं, पण नजर दिव्यावरच ठेवली. बाबू म्हणाली नाही. परतताना गाडी रस्त्याच्या कडेला घेऊन मी पुरवठादाराला पुन्हा फोन लावला आणि सांगितलं:

मला बदली माल नको. ज्याने ती पाकिटं भरली त्याने तिच्या अंगणात उभं राहावं. आत काय भरलं होतं, काहून भरलं, आणि तिच्या भावाला ते ठाऊक नव्हतं, हे तिच्या तोंडावर सांगावं. माझं ती ऐकत नाही. बोल, कधी येतोस?