रंग न लावलेला व्हॉल्व्ह

आमच्या साखर कारखान्यात नवा व्हॉल्व्ह यायचा तो नवरदेवासारखा नटून. लाकडी खोका, आत गवत, अंगाला चकचकीत निळा रंग आणि वर मुंबईच्या कंपनीचं लेबल. हा मात्र गुळाच्या बारदानात गुंडाळून सायकलच्या कॅरिअरवरून आला, तोही रंगाचा एक हात न लावता. आणणारा कोल्हापूरच्या उद्यमनगरातला फाउंड्रीवाला. त्याचं नाव आमच्यापैकी कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि किंमत मात्र मुंबईच्या मालाच्या निम्मी. चीफ इंजिनिअरनी त्याला सरळ माझ्याकडे धाडलं. नवा माल तपासायचं काम माझ्याकडे होतं आणि नाही म्हणण्यात माझा हातखंडा होता.

"रंग का नाही दिला?" मी विचारलं.

"रंग दिला की पाझर झाकतुया. तुमाला बघायचंय न्हवं पावणं? मग उघडंच बघा की!"

मला राग आला. एकतर मी अकोल्याचा, कोल्हापुरात येऊन जेमतेम वर्ष झालेलं. इथली माणसं प्रेमानं बोलली तरी मला भांडल्यासारखी वाटायची. त्यात हा मला माझंच काम शिकवत होता. पण रंग न लावता आलेला माल मी त्याआधी पाहिला नव्हता, हेही खरं.

सत्तरचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पावसाळा होता, गळीत बंद होतं, कारखाना गप्प होता. आमच्या फिटर लोकांची तपासणीची एक रीत होती. व्हॉल्व्हमध्ये पाणी भरायचं, हातपंपानं दाब चढवायचा, वरून अंग कोरडं पुसायचं आणि बॉयलरमधली बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडांची, बारीक राख त्यावर भुरभुरवायची. नजरेला न दिसणारं पाणीही राखेला कळतं. जिथं पाझर, तिथं ती काळी पडते. फाउंड्रीवाला ही रीत पाहून मोठ्यानं हसला, "आमच्या भट्टीवाल्यास्नी राख नवी न्हाय, पर ह्यो उपेग ठाव नव्हता."

थोड्याच वेळात व्हॉल्व्हच्या मानेखाली एक काळा ठिपका उमटला. मग त्याच्या शेजारी दुसरा.

मी काही बोलायच्या आत त्यानं घण मागितला. व्हॉल्व्ह आवारात नेला आणि स्वतःच्या हातानं फोडला. फिटर बघतच राहिले. "भंगारात गेला तर कोनतरी रंग मारून इकंल," तो म्हणाला, तुकडे त्याच बारदानात भरले आणि निघून गेला. त्या दिवशी मला तो आवडला. का, ते धड सांगता येणार नाही. चिडखोर माणसाला दुसरा तितकाच हट्टी माणूस भेटला की जरा बरं वाटतं.

पुढं मी सुट्टीच्या दिवशी उद्यमनगरात जायला लागलो. तपासणीच्या कामासाठी जातो असं मी सांगायचो, आणि ते निम्मं खरं होतं. त्याचे वडील पितळेची भांडी ओतायचे, हा ऑइल इंजिनचे भाग ओतायला शिकला. आता इंजिनवाल्यांचं काम आटलं होतं. बायकोच्या भावानं कुवेतमध्ये नोकरी पाहून ठेवली होती. "तुमचा कारखाना माझं व्हॉल्व्ह घेतुया म्हनला, तर न्हाय जात," असं त्यानं मला स्पष्टच सांगितलं होतं. "वाळवंटात जाऊन काय करू? पंचगंगा सोडून?"

पालथ्या पेटीवर बसून मी त्याचं ओतकाम बघायचो. लोखंड साच्यात उतरत असताना शब्द काढायचा नाही, हा त्याचा नियम. एकदा मी काहीतरी विचारलं तर त्यानं ओतून होईपर्यंत उत्तर दिलं नाही, आणि मग असा ओरडला की शेजारच्या शेडमधली माणसं डोकावली. नंतर घरून आलेलं भडंग पुढं केलं, वर हातानं फोडलेला कांदा. परक्या गावात माझं म्हणावं असं ते एवढंच ठिकाण होतं. अजूनही कुठं भडंग खाताना त्या भट्टीची ऊब पाठीला लागते.

दसऱ्याच्या सुमारास त्यानं दुसरा व्हॉल्व्ह आणला. तोही बिनरंगाचा. दाब चढवला, राख टाकली, आम्ही सगळे वाट बघत उभे राहिलो. राख पांढुरकीच राहिली. मला ओरडावंसं वाटलं. पण कारखान्याचा नियम होता आणि तो मला मान्य होता: अनोळखी माल आधी एक पूर्ण हंगाम लाइनवर चालवायचा, मगच ऑर्डर. थंड पाण्याच्या एका लाइनवर मी तो बसवून घेतला. त्यानं विचारलं, "म्हंजे उन्हाळा उजाडंपर्यंत?" मी मान हलवली.

हंगाम भरात असताना तो एकदा आला. नवे कपडे होते अंगावर. यंत्रांच्या आवाजात बोलणं शक्यच नव्हतं. तो व्हॉल्व्हपाशी गेला, मानेखाली तळवा धरून बराच वेळ उभा राहिला आणि मग तो कोरडा तळवा त्यानं मला दाखवला. मी हसलो. मला वाटलं, बघायला आलाय. बाहेर गेटपाशी आल्यावर म्हणाला, "कुवेतचं तिकीट आलंय. थांबता येत न्हाय." नियम सोडून ऑर्डर काढा, असं त्यानं म्हटलं नाही, आणि मीही तसं म्हटलं नाही. आज विचारलं तरी मी हंगामाचीच अट घालीन. म्हणूनच ते अजून सलतं.

गळीत संपलं. व्हॉल्व्ह खोलून पाहिला, आत ओरखडाही नव्हता. मी 'घेण्यास हरकत नाही' असा शेरा लिहिला, मंजुरी मिळवली आणि वेड्यासारखा उद्यमनगरात गेलो. त्याच्या शेडमध्ये दुसरंच कुणीतरी खिडक्यांच्या जाळ्या बनवत होतं. त्याची बायको मुलांना घेऊन मिरजेला माहेरी गेली होती. तिथला पत्ता कुणाला माहीत नव्हता. ऑर्डर मंजूर होती, पण ती द्यायची कुणाला? मुंबईचे निळे व्हॉल्व्ह पुन्हा येऊ लागले.

पुढं माझं लग्न झालं, मुलं इथंच झाली आणि ती माझ्याशी कोल्हापुरीत भांडूही लागली. ऐंशीनंतर दुसऱ्या कारखान्यात जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मी त्या लाइनपाशी गेलो. आजूबाजूचे निळे व्हॉल्व्ह एकेक करून बदलले गेले होते, तो मात्र होता तिथंच होता. मी त्याच्या मानेखाली तळवा धरला. बराच वेळ धरला. कोरडा निघाला.

पाझरला असता तर बरं झालं असतं, असं इतक्या वर्षांत त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं. तो कुवेतला उगाच गेला नाही, एवढं तरी मनाला सांगता आलं असतं.