कुलूपबाईंचा प्रबंध

महिला कारागृहात सत्तावीस वर्षं पहारा करून त्या निवृत्त झाल्या, तेव्हा घरच्यांना वाटलं, आता बाई नातवंडांत रमतील. त्यांनी विद्यापीठात जाऊन गुन्हेगारीशास्त्राच्या पीएचडीला नाव घातलं. कैदी बायका पाठीमागे त्यांना कुलूपबाई म्हणायच्या. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे.

विषय कधीचा डोक्यात घोळत होता. सुटलेल्यांपैकी काहीजणी वर्षभरात परत आत येत, काही पुन्हा कधीच दिसत नसत. असं का? मार्गदर्शक सर त्यांच्या धाकट्या मुलाच्या वयाचे. ते म्हणाले, "आधी माहिती गोळा करा, मग मत बनवा." बाईंनी मान डोलावली खरी, पण मत केव्हाच बनलं होतं: ज्यांना भेटायला घरचं कुणी येतं, त्या सावरतात.

मग सुटलेल्या बायकांना शोधून मुलाखती सुरू झाल्या. सातवी बाई शिवणकाम करायची. तिनं ओळखलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. पहिलाच प्रश्न ऐकून शिवणयंत्राचं चाक हातानं थोपवलं.

"भेटायला कोण यायचं, हे आत्ता विचारताय? माझी आई आली होती दोनदा. वेळ संपली म्हणून दोन्ही वेळा तुम्हीच परत पाठवलंत. नंतर नाही आली ती."

आवाज जराही चढला नव्हता.

"मला आठवत नाही," बाई म्हणाल्या. ते खरंच होतं, आणि तेच त्यांना लागलं.

दोन आठवडे त्यांनी कागदांना हात लावला नाही. सुनेनं टाइप करायला पानं मागितली, तर म्हणाल्या, "सगळ्यांबद्दल लिहिलंय गं. माझ्याबद्दलच नाही लिहिलं." शेवटी सरांना गाठून त्यांनी एक प्रकरण वाढवायला घेतलं: भेटीची खिडकी, तिथले नियम आणि ते पाळणारी माणसं.

"त्यात तुम्हीही याल," सरांनी सावध केलं.

"येऊ देत की."

ते प्रकरण लिहायला दीड वर्ष गेलं. जुन्या नोंदवह्यांत परत पाठवलेल्यांची नोंदच नव्हती. तेही त्यांनी लिहिलं. शिवणकामवालीनं पुढं मुलाखत दिली, पण ध्वनिमुद्रण करू दिलं नाही.

पासष्टाव्या वर्षी पदवी मिळाली. कारागृहानं प्रबंधाची प्रत मागवून घेतली. भेटीची वेळ मात्र अजून तीच आहे. बाई दर महिन्याला त्याबद्दल एक अर्ज पाठवतात.