छायाच्या उसाला पाणी

दुपारची भांडी आटोपली, लेकीच्या कॉम्प्युटरसमोर खुर्चीवर मांडी ठोकली आणि माझं मालवाहू यान सुटलं. मी वाकोल्यातच, स्वयंपाकघरालगतच्या खोलीत. यान अंतराळात, एका गेममध्ये. हसायचं तर हसा. एका वसाहतीतून दुसरीकडे माल न्यायचा, विकायचा, तिथला माल भरून परत यायचं, एवढाच खेळ. मी आणि शेजारची छाया लेकींकडून शिकलो आणि त्यांच्यापेक्षा जास्त खेळू लागलो.

मग छायाचा नवरा गेला. ती घाटकोपरला भावाकडे राहायला गेली. फोन उचलेना, येऊ का विचारलं की 'आत्ता नको' असा मेसेज. जाताना माझा डाळवांग्याचा डबा तिने परत केला, तो रिकामा. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आमच्यात डबा रिकामा जात नाही, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी असते. तो कोरडा डबा हातात धरून मला भडभडून आलं होतं.

गेममध्ये तिची उसाची वसाहत होती. तिथलं पाणी संपत आलंय, वसाहत बंद पडणार, अशी सूचना परवा दिसली. ती बंद पडली तर छायाला गाठायची शेवटची जागाही गेली असती. म्हणून गोदामात बर्फ भरला आणि निघाले.

इंधनाच्या ठाण्यावर मुलुंडहून खेळणारे एक मालवाले भेटले. मी कुठे चाललेय ते ऐकून कळवळले. "ताई, त्या बाजूला कुणी जात नाही. येताना रिकामं यावं लागतं, वाट लागते." मी म्हटलं, लागू दे.

पुढे लांबचा पल्ला. तांबडा ग्रह, भोवती हळद उधळल्यासारखं धुळीचं कडं. तेवढ्यात भाकरी-ठेचा खाऊन घेतला. ठेच्याचा हात डोळ्याला लागला, आणि नेमकं तेव्हाच डॉकिंग (यान धक्क्याला लावणं) आलं! यान असं आपटलं की एक कप्पा फुटून त्यातला बर्फ अंतराळात गेला.

"कोण गं ते धडपडतंय?" हेडफोनमध्ये छायाचा आवाज.

मी म्हटलं, "जय भीम. पाणी आणलंय."

दार उघडलं. काचघरात ऊस वाळून पिवळा पडला होता. पाणी सुटलं, आम्ही दोघी बघत राहिलो. मग ती हळूहळू बोलायला लागली. ऊस लावायची कल्पना नवऱ्याची होती. ती रोज इथे येऊन नुसती बसते, हात कशालाच लावत नाही.

मी निघते म्हटलं, तर थांब म्हणाली. तिच्याकडे साखरेचं एकच पोतं उरलं होतं. ते तिने माझ्या यानात चढवलं.

"रिकामं कसं पाठवू तुला?"

"डबा पाठवलास की रिकामा," मी बोलून गेले आणि जीभ चावली.

ती म्हणाली, "तर मग परत आण ना गं तो. उद्या घरीच आहे मी."

परतीच्या वाटेवर मुलुंडकर पुन्हा भेटले. एवढ्या मोठ्या यानात एक पोतं बघून हसले, इथेच विकून टाका म्हणाले. मी विकलं नाही.

वाकोला ते घाटकोपर, असं काय मोठं अंतर आहे? पण मला त्या तांबड्या ग्रहाला वळसा घालूनच जावं लागलं. खुर्चीवरून उठले, फळीवरचा डबा काढला. धूळ बसली होती. तो लख्ख घासला आणि वांगी आणायला बाहेर पडले.