कुंकवावर घातलेला आळ
झेंडूचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. एका खंडेनवमीला मळमड्डीच्या आमच्या घरी सुनेनं स्कूटर, मिक्सर आणि शिकवण्या घ्यायचा तिचा लॅपटॉप मांडून पूजा केली. लॅपटॉपवर कुंकू पाहताच मुलगा खेकसला आणि ओल्या फडक्यानं बटणं खसाखसा पुसू लागला. दुसऱ्या दिवशी आवाज आणि उजेड कमी-जास्त करणारी वरची रांग चालेना. "आणखी पाज त्याला कुंकू!" मुलगा म्हणाला. कोप्पीकर रोडवरच्या दुकानदारानंही लॅपटॉप न उघडताच "कुंकू आत गेलंय, कीबोर्ड बदला" असं ठोकून दिलं. घरी येऊन सुनेनं एफएनचं बटण धरून एस्केप दाबलं आणि सगळी रांग चालू झाली. "अप्पा, नुसतं लॉक लागलं होतं हो. पुसताना दोन्ही बटणं एकदम दाबली गेली." तरी मुलगा पाहुण्यांत कुंकवाचीच गोष्ट रंगवायचा, सगळे हसायचे, मीसुद्धा, आणि सून चहाच्या निमित्तानं आत जायची. परवा मात्र मी त्याला भर बैठकीत तोडलं, "फडकं तुझ्या हातात होतं!" कोणी हसलं नाही. सून तिथंच बसून राहिली.