दोऱ्याने मोजलेलं आकाश

आमचे हे जमीन मोजणीच्या खात्यात चौतीस वर्षं मोजणीदार होते. निवृत्त झाले, पण मोजणी काही सुटली नाही. नवा पलंग आला तेव्हा दुकानदाराच्या मापावर विश्वास नाही म्हणून यांनी टेप काढला आणि हमालांना दारात अर्धा तास ताटकळत ठेवलं. दुसऱ्याने सांगितलेला आकडा म्हणजे यांच्या लेखी अफवा!

लेकीचे दिवस भरत आले होते. ती समुद्रापलीकडच्या शहरात, जावई जहाजावर नोकरीला, घरात दुसरं माणूस नाही. मला जायलाच हवं होतं. मागे माझ्या पायात रक्ताची गाठ झाली होती, म्हणून डॉक्टर म्हणाले, "पाच तासांचा प्रवास चालेल, त्याहून जास्त नको." तिकीट काढायला गेलो तर तिथल्या मुलीने चटकन सांगितलं, "छत्तीसशे किलोमीटर काकू, थेट विमान, पावणेपाच तास." मी पर्स उघडली.

"थांब," हे म्हणाले. "आधी मी मोजतो."

झालं! घरी येऊन भिंतीवर जगाचा नकाशा ठोकला. दोन शहरांवर टाचण्या, मध्ये माझ्या शिवणाच्या डब्यातला दोरा. उत्तर आलं त्रेचाळीसशे. म्हणजे साडेपाच तास.

"ती पोरगी चुकतेय. तुझ्या पायाचा प्रश्न आहे."

"अहो, वैमानिक काय तुमचा दोरा धरून जाणार आहे?"

पण ऐकतील तर शपथ! रोज नव्याने मोजायचं, रोज त्या मुलीला फोन. शेवटी ती बिचारी फोन उचलेना. मी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवत होते, पण पायाची धास्ती माझ्याही मनात होतीच.

आठव्या दिवशी यांनी शेजाऱ्यांकडून पृथ्वीचा गोल आणला. दोरा गोलावर ताणला, सोडून पुन्हा ताणला. छत्तीसशे! जन्मभर शेतं मोजलेला माणूस; शेत कागदावर सपाट काढलं तरी बिघडत नाही. पृथ्वी गोल आहे हे शाळेतलं पोरही सांगेल, पण तीच सपाट नकाशावर पसरली की अंतरं ताणली जातात, हे यांच्या ध्यानातच आलं नाही. मी कपाळावर हात मारून घेतला. धावत तिकिटाला गेलो, तर सोमवारपर्यंत सगळ्या जागा भरलेल्या.

शुक्रवारी सकाळीच लेकीचा फोन आला. मुलगा झाला होता, दहा दिवस आधीच. दोघंही सुखरूप. टॅक्सी बोलावून ती एकटीच दवाखान्यात गेली होती, कागदांवर सह्याही तिनेच केल्या होत्या.

यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "अगं, अंतर छत्तीसशेच आहे. ती मुलगी बरोबर सांगत होती."

"बाबा, मला आई हवी होती," लेक म्हणाली.

यांनी फोन माझ्याकडे दिला आणि खुर्चीत बसून राहिले. चांगलं फैलावर घ्यायचं म्हणून मी तोंड उघडलं, तोच मनात आलं: तिकीट काढू नको म्हणून मला काही कोणी बांधून ठेवलं नव्हतं.