आत्या ‘जाते’ म्हणाली

माझ्या आत्याचं परदेशात कपडे अल्टर करण्याचं दुकान आहे. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, पोट सुटलेल्यांच्या कमरा ढिल्या करायच्या. लग्न होऊन इकडे आली ती इथलीच झाली. काका गेले तरी हलली नाही. मी शिकायला आले तेव्हापासून दुकानावरच्या खोलीत तिच्याकडेच राहते.

इथल्या भाषेत निघताना माणसं सरळ ‘जातो’ म्हणतात. गिऱ्हाईक म्हणतं, आणि कुलूप लावताना शेजारच्या न्हाव्याला आत्याही म्हणते. बाकी भाषा चांगली आहे, पण निरोप घ्यायची अक्कल तिला नाही. आपल्याकडे दारात ‘जाते’ म्हणणारी पोर लहानपणीच धपाटा खाते. ‘येते म्हण, कार्टे!’

आजी अंथरुणाला खिळली म्हणून आत्या मध्यंतरी माहेरी जाऊन आली. परतताना टॅक्सी दारात उभी, माझे बाबा घाई करतायत, तिने आजीच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तोंडातून निघून गेलं, ‘‘आई, जाते.’’

आजी चिडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसती कूस बदलली.

तेव्हापासून आत्याचं कशात लक्ष नाही. काल तिने एका पँटचा एकच पाय आखूड केला. गिऱ्हाईक तोंडात बोट घालून बघत राहिलं.

‘‘अगं, जीभ घसरली. सोड आता,’’ मी म्हटलं.

‘‘शिलाई असती तर उसवली असती गं,’’ ती म्हणाली.

रोज फोन केला की बाबा सांगायचे, आई झोपलीय. पुन्हा उठून जाणंही शक्य नव्हतं. दुकान परतल्यावर आत्ताच उघडलेलं, परत बंद केलं तर कोण फिरकणार? मला तिची दया यायची आणि रागही यायचा. एका शब्दापायी किती जीव जाळायचा माणसाने!

आज दुपारी बाबांनी फोन आजीच्या कानाला लावला. आत्याने मशीन थांबवलं आणि फोन स्पीकरवर टाकला.

‘‘आई, तेव्हा चुकलं माझं. येते म्हणायचं होतं. येते, आई. ऐकतेस ना?’’

मग आजी अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, ‘‘ऐकलं गं. तू ये सावकाश. मी जाते.’’

‘‘आई, असं नाही म्हणायचं! येते म्हण. येते म्हण ना!’’

पलीकडून बाबा बोलले, ‘‘थकली गं ती. डोळे मिटलेत. नंतर लावतो फोन.’’

आत्या फोन हातात धरून उभीच राहिली. तेवढ्यात कालचं गिऱ्हाईक आलं. मी त्याला दुरुस्त केलेली पँट दिली. तो भला माणूस, दारातून हसून आत्याला त्याच्या भाषेत ‘जातो’ म्हणाला.

आत्या त्याच्यामागे धावत बाहेर गेली आणि भर रस्त्यात मराठीतून ओरडली, ‘‘येतो म्हण रे! येतो म्हण!’’

आपलं काहीतरी दुकानात राहिलं असं वाटून तो थांबला आणि खिसे चाचपू लागला.